शीतवसाहतीची वर्दी

शीतवसाहतीच्या ना-हरकत दाखल्यावर सही केली तर काय पदरात पडेल, हे अग्निशमन केंद्राचे अधिकारी यशोधर तायडे यांनी बायकोलाही बोलून दाखवलं नव्हतं. मनात मात्र ते इतक्या वेळा मोजून झालं होतं, की नव्याने मोजायला काही उरलं नव्हतं. केंद्रातल्या प्रत्येक जवानाला त्या थंड, हवाबंद इमारतीच्या पश्चिम विंगेत एक घर, हा पहिला लाभ. रुईतळ्यात उन्हाळा आता होळीआधीच सुरू होऊन दिवाळीच्या खरेदीपर्यंत रेंगाळत असे, आणि पारा पन्नाशीला टेकला की अग्निशमन केंद्रामागच्या पत्र्याच्या क्वार्टरांत माणसं भाजून निघत. दुसरा लाभ असा, की ज्या अधिकाऱ्याच्या हद्दीत आग लागतच नाही, त्याला जिल्ह्याच्या खुर्चीवर बसवण्यावाचून वरच्यांना गत्यंतर राहत नाही. तिसरा जरा खाजगीतला होता. विशाखाला, म्हणजे त्यांच्या पत्नीला, उष्माघाताचा झटका दोनदा येऊन गेला होता, आणि डॉक्टर तिसऱ्याबद्दल फार काळजीपूर्वक बोलत होते.

यात लाच कुठेच नव्हती. तायडे लाच घेणाऱ्यांपैकी नव्हते. तसे असते तर काम स्वस्तात उरकलं असतं, अशी हळहळ वसाहत बांधणाऱ्या कंपनीची माणसं आपसांत व्यक्त करत. प्रामाणिक माणूस महाग पडतो. त्याला त्याच्या हाताखालच्या लोकांचं भलं दाखवावं लागतं, आणि मग ते खरोखर करावंही लागतं.

सहीआधीचं शेवटचं प्रात्यक्षिक वसाहतीच्या तळाशी, वायुकक्षात झालं. तिथल्या प्रमुख डॉ. नीलांबरी देशकर. वायुतज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव मोठं होतं. एरवी त्या इतक्या हळू बोलत की समोरच्याला पुढे झुकावं लागे. आकडा आला की आवाज ठणठणीत होई.

"काडी ओढा," त्या म्हणाल्या.

तायड्यांनी काडी ओढली. गुल फुरफुरलं, क्षणभर निळसर उजळलं आणि लाकडापर्यंत ज्योत यायच्या आत विझलं. दुसरी ओढली. तिचंही तेच.

बंबाचा ड्रायव्हर चिंधू बोबडे दाराशी उभा होता. तोंडात न पेटवलेली बिडी. त्याला न राहवून तो पुढे आला. "द्या मले साहेब. तुमचा हात थरथरते, म्हून विझत असन."

त्याने अर्धी पेटी संपवली. मग पेटी कानाशी हलवून पाहिली आणि देशकरांकडे वळला. "बाई, काडीचा तर जीवच गेला न बापा."

"तुमचा शाबूत आहे ना? धाप लागतेय?"

"नाई बा. डोकं जरासं जड वाटते."

"ते आठवड्यात जाईल. आता ऐका." देशकरांनी खुर्ची पुढे ओढली. "बाहेरच्या हवेत शंभरात एकवीस भाग प्राणवायू असतो. इथे पंधरा आहे. बाकी नत्रवायू. दाब मात्र बाहेरच्याइतकाच. ज्योतीला जगायला प्रमाण लागतं. पंधरावर ती तगत नाही. माणसाच्या रक्ताला प्रमाणाशी कर्तव्य नसतं, त्याला प्राणवायूचा दाब पुरतो. हिमालयात अडीच-तीन हजार मीटरवर गावं आहेत, तिथल्या माणसाला जेवढा प्राणवायू मिळतो तेवढा तुम्हाला इथे मिळतोय."

"पण तिकडं चुली पेटतातच की," तायडे म्हणाले.

"कारण तिथली हवा विरळ असली तरी तिच्यातलं प्रमाण एकवीसच असतं. तिथे चूल पेटते आणि माणूस धापा टाकतो. आम्ही उलट केलंय. माणूस जगतो, चूल पेटत नाही. आम्ही हिला मंदप्राण हवा म्हणतो. इमारत उन्हासाठी हवाबंद करायचीच होती. मग आतली हवा आपल्याला हवी तशी का ठेवू नये?"

ही गोष्ट खरी होती, पण पुरती नव्हती. मंदप्राण हवा आधी कापसासाठी योजलेली होती. वसाहतीच्या तळमजल्यावर, पश्चिम विंगेखाली, कंपनीचं कापसाच्या गठाणींचं, दाबून बांधलेल्या गठ्ठ्यांचं, गोदाम होतं, आणि कापसाच्या आगीने कंपनीची दोनदा कंबर मोडली होती. गोदामाच्या हवेचं यंत्र एवढं मोठं निघालं, की त्यावर आणखी तीन-साडेतीन हजार माणसं सहज श्वास घेऊ शकतील असं कुणाच्या तरी लक्षात आलं. जिनिंगचे कामगार बाहेर उन्हाने पटापट पडत होतेच. त्यांना वर राहायला आणलं, आणि वर्तमानपत्रांत माणुसकीचा प्रकल्प म्हणून छापून आलं.

तायड्यांनी त्यांच्या मनातला एकच प्रश्न विचारला, आणि तो नेमका बरोबर होता. "रुईतळ्याचा कापूस पेटतो कमी, बाई. धुमसतो जास्त. जिनिंगमध्ये पात्याला खडा लागतो, ठिणगी उडते, ती रुईत बसते आणि प्रेसमध्ये गठाणीच्या पोटात दाबली जाते. वरून गठाण थंडगार. आत दोन-दोन आठवडे किडा फिरावा तशी धग फिरते. म्हणून आमच्या केंद्रात राखण बसते."

"राखण म्हणजे?"

"संशयाची गठाण वेगळी काढायची आणि माणूस तिच्याजवळ बसवायचा. घटकाघटकाने फटीत हात खुपसून धग चाचपायची. ती निवेपर्यंत वर्दी, म्हणजे आगीची आलेली खबर, बंद झाली असं आम्ही लिहीत नाही. माझ्या आधीच्या साहेबांच्याही आधीपासूनची रीत आहे."

"आणि हे सगळं कशासाठी? धुमसता धुमसता एकदम पेट घेऊ नये म्हणूनच ना?"

"अर्थात."

"इथे पेट घेऊच शकत नाही. मग राखायचं काय?"

तायडे हसले. त्यांना उत्तर सुचलं नाही, म्हणजे उत्तर नाहीच असं त्यांनी धरलं. देशकरांना हवा ठाऊक होती, तायड्यांना कापूस ठाऊक होता, आणि आयुष्यभर दोघांनाही भीती ज्वालेचीच होती. त्यामुळे दोघांचा पाय एकाच जागी घसरला. दाखल्यात आगीची व्याख्या 'ज्वालेसह होणारे ज्वलन' अशी झाली. गठाणींची राखण उठली. विषारी वायूची सूचना देणारी उपकरणं प्रत्येक मजल्यावर हवीत, हे कलमही गेलं. कापसाच्या बारीक धुळीने ती उगाच ठणाणा करतात, आणि जिथे ज्वाला नाही तिथे धूर कुठला, असं कंपनीचं म्हणणं. तायड्यांनी बदल्यात पश्चिम विंगेतली घरं लिहून घेतली. एकच अट त्यांनी सोडली नाही. वायुपालटाची किल्ली अग्निशमन केंद्राकडे राहील. ती फिरवली की छतावरचे प्रचंड पंखे आतली सगळी हवा बाहेर फेकून बाहेरची आत ओढणार.

"कशाला हवी ती तुम्हाला?" देशकरांनी विचारलं.

"असावी," तायडे म्हणाले. "बंबाला जशी शिडी असते. रोज लागते असं नाही."

माणसं राहायला आली आणि आठ-दहा दिवस डोकं धरून बसली. मग सवय झाली. देव्हाऱ्यात निरांजनाच्या जागी दिवे लुकलुकू लागले. लग्नाचा होम बाहेर, पहाटे पहाटे उरकून वऱ्हाड धावत आत येई. बिडीवाल्यांचे हाल विचारू नका. आतली हवा निसटू नये म्हणून येण्याजाण्याला दुहेरी दारांच्या दोनच चिंचोळ्या खोल्या होत्या, त्यांना वायुदेवडी म्हणत. एका वेळी डझनभर माणसं मावत. तेवढ्या एका बिडीपायी चिंधू दोन दारं ओलांडून भट्टीत जाई आणि घामाने निथळत परत येई. "बिडी कमी झाली साहेब," तो सांगे, "पण बिडी नाई सुटली. घरवाली रुखमा म्हणते, येवढ्या उन्हात उभं राहायची नोकरी असती तर तू केली नसती."

प्रत्येकाच्या मनगटावर प्राणकंकण होतं. ते कातडीतून उजेड टाकून रक्त किती लाल आहे ते पाही आणि त्यावरून रक्तातला प्राणवायू सांगे. वसाहतीत तो नव्वदीच्या आसपास राही. नव्वदीच्या वर गेलं की बायका एकमेकींना कंकण दाखवत, जशी नवी साडी दाखवावी.

केंद्राकडच्या वर्द्या आटल्या. विहिरीत पडलेली म्हैस, शाळेच्या छतावरचं मोहोळ, घरात शिरलेली धामण, पातेल्यात डोकं अडकलेलं पोर, एवढ्यावर जवान दिवस काढू लागले. बंब चकचकीत झाला, कारण पुसण्यापलीकडे त्याला काम नव्हतं. वरून पत्र आलं, की रुईतळे केंद्राचे श्वसनसंच दुसरीकडे गरजेचे आहेत. चार ठेवून बाकीचे गेले. तायड्यांनी पाठवताना खळखळ केली नाही. खळखळ करणारा अधिकारी जिल्ह्याच्या खुर्चीला शोभत नाही.

वैशाखातल्या एका दुपारी विशाखाचा फोन आला.

"अहो, डोकं काही राहत नाहीये. परवापासून."

"हवेचं असेल. नवख्यांना होतं."

"मी नवखी? वर्ष होत आलं इथे येऊन. आणि रुखमाचंही तसंच. तिच्या पोरी तर जेवायला उठेनात. म्हटलं उन्हाळ्याची सुट्टी आहे, लोळू देत."

"हेल्पलाइनला लावलास?"

"लावला. ते म्हणाले सवय होईल. तुम्हीसुद्धा तेच म्हणताय." ती हसली. "पण कंकण बघाल तर शहाण्णव! आजवर कधी आलं नव्हतं. मी पडते जरा. संध्याकाळी येताना लिंबं आणा."

तेवढ्यात देशकरांचं बोलावणं आलं. चिंधूने जीप काढली. वायुकक्षात पाऊल टाकताच देशकरांनी पडद्याकडे बोट दाखवलं. त्यांना इतकं खुलून बोलताना तायड्यांनी प्रथमच पाहिलं.

"पश्चिम विंग बघा! सगळी वसाहत नव्वदीवर अडकलीय, आणि तुमची विंग गेले काही दिवस सारखी वर चढतेय. चौऱ्याण्णव, शहाण्णव. मंदप्राण हवेत माणसाचं शरीर नुसतं जुळवून घेत नाही, तर मात करतं. मी शोधनिबंधाला सुरुवातसुद्धा केलीय."

"पश्चिम विंगच का?"

"तुमचे जवान कणखर असतात."

"जवान दिवसभर केंद्रात असतात, बाई. विंगेत असतात त्या बायकापोरं. आणि त्यांचं डोकं दुखतंय."

"सवय..." देशकर म्हणाल्या, आणि पुढचा शब्द त्यांनी गिळला. त्यांनी पडद्यावर पश्चिम विंगेतली एकेक नोंद उघडून पाहिली. मग त्यांच्या हळू आवाजात, जणू स्वतःलाच सांगितल्यासारखं त्या म्हणाल्या, "कंकण प्राणवायू मोजत नाही. लाली मोजतं."

"म्हणजे?"

"रक्ताला लाल करणारा आणखी एक वायू आहे. उपकरणाला दोघांतला फरक कळत नाही."

तायड्यांना नाव सांगावं लागलं नाही. धुरातून काढलेली किती माणसं त्यांनी दवाखान्यात पोचवली होती, आणि तिथल्या यंत्राने किती जणांना ठणठणीत ठरवलं होतं! कार्बन मोनॉक्साइड. केंद्रात त्याला मुका वायू म्हणत.

"गोदाम," ते म्हणाले.

देशकरांनी गोदामाचा पडदा उघडला. ज्वाला नव्हती. धूर असा नव्हता. होता तो कोळशाच्या गाळण्यांनी टिपला होता, वासासकट. गाळण्या सगळं धरतात, फक्त मुका वायू त्यांच्यातून सुखरूप निघून जातो. मधल्या थप्पीत कुठेतरी ऊब वाढली होती, आणि यंत्राने आपणहून गोदामातला प्राणवायू पंधरावरून बारावर आणला होता.

"म्हणजे धग मंद केली त्याने?"

"मंद केली, आणि अर्धवट केली. पुरतं जळण्याइतका प्राणवायू मिळाला नाही की हाच वायू निघतो. यंत्र तिला विझवत नव्हतं, तायडे. मुरवत होतं. आणि हवा सगळ्या इमारतीची एकच आहे." त्या भराभर आकडे काढत होत्या. "पश्चिम विंग आता बेशुद्धीच्या काठावर असेल. तासा-दोन तासांत सगळी वसाहत तिथे पोचेल. आधीच प्राणवायू कमी, त्यात हा. बाहेरच्या माणसापेक्षा निम्म्या वेळात."

तायड्यांनी केंद्रातून बंब, जवान आणि श्वसनसंच मागवले, आणि ध्वनिक्षेपकावरून घोषणा करवली: ताबडतोब बाहेर पडा. लोकांनी ती ऐकली. खिडकीतून बाहेरचं पांढरंफटक ऊन पाहिलं, मग मनगटाकडे पाहिलं. कंकण कधी नव्हे ते उत्तम दाखवत होतं. बहुतेकांनी कूस बदलली. जे निघाले ते वायुदेवडीशी डझनाडझनाने अडकले, आणि अर्धे लिफ्टपाशीच बसून राहिले, कारण पाय ऐकत नव्हते.

"गोदामात निव्वळ नत्रवायू सोडला तर?"

"गठाणीच्या पोटातली धग निवायला आठवडे जातील. आणि गोदामातली हवा वरच येते."

"झडपा बंद करून पश्चिम विंग तोडली तर?"

"तिला आता मिळतेय तेवढीही हवा मिळणार नाही. आणि बाकीच्यांच्या फुप्फुसात जे गेलंय ते तसंच राहील. त्यांना ताजी हवाच लागेल. भरपूर."

"म्हणजे वायुपालट."

"म्हणजे वायुपालट," देशकर म्हणाल्या. "आणि ताजी हवा गोदामातही जाणार. ती बोळ्याने पाजता येत नाही, एकाला द्यायची आणि दुसऱ्याला नाही. इतके दिवस धुमसलेला, कोरडा, तापलेला कापूस. एकवीस भाग प्राणवायू लागताच थप्पी उभी पेटेल. गोदामावर पश्चिम विंगेचा जिना आहे." त्यांनी चष्मा काढला. "पूर्व आणि मधली विंग वाचतील. किल्ली न फिरवली तर कुणीच नाही."

चिंधू दारातच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने तोंडातली बिडी काढून खिशात ठेवली.

"साहेब, किल्ली फिरवाच्या आधी किती वेळ देता?"

"एका सिलिंडरचा," तायडे म्हणाले. "त्याहून जास्त दिला तर पूर्व विंग जाते."

"संच चार हायेत."

"हो. चौघं जा." तायड्यांनी घड्याळात पाहिलं. "आणि बोबडे, जवळच्या दारापासून. कुणीही आपलं घर शोधत जायचं नाही."

हा अग्निशमनाचा जुना नियम. आपलं माणूस आत असलं की जवान धुरात भलतीकडे धावतो आणि स्वतःही राहतो. म्हणून जे दार आधी लागेल ते आधी. एरवी ज्याचं घर पेटलंय त्या जवानाला आतच पाठवत नाहीत. त्या दिवशी पाठवायला दुसरं कुणी नव्हतं. चौघांचीही घरं त्याच विंगेत होती.

"मले नियम नोका सांगू साहेब," चिंधू म्हणाला. "मीच पोरांइले शिकवतो तो."

चौघं आत गेले. तायडे वायुकक्षात किल्लीपाशी उभे राहिले. पडद्यावर त्यांना पश्चिम विंगेचा दुसरा मजला दिसत होता. जिन्याला लागून पहिलं घर त्यांचं होतं. केंद्र अधिकाऱ्याला जिन्याजवळचं, उजेडाचं घर मिळतं, अशी पद्धत. चिंधूचं घर त्याच मजल्यावर अगदी टोकाला, जिथे गोदामाच्या यंत्राची घरघर जास्त येई.

चिंधूने पहिलं दार फोडलं. थोड्या वेळाने तो विशाखाला खांद्यावर टाकून बाहेर आला. त्याने बोळाच्या टोकाकडे एकदा पाहिलं. पडद्यावर ते स्पष्ट दिसलं. मग तो जिना उतरला, तिला वायुदेवडीत ठेवलं, आणि परत वर आला. दुसरं दार. एक म्हातारी. पुन्हा खाली. तिसऱ्या दारातून दोन पोरं, दोन बगलांत. त्याचे साथीदार खालच्या मजल्यावर तेच करत होते. प्रत्येक खेपेला बोळ तेवढाच लांब राहत होता, आणि चिंधूची चाल जड होत होती.

"सिलिंडर संपत आला," देशकर म्हणाल्या.

"अजून एक खेप," तायडे म्हणाले.

"पूर्व विंगेत माणसं पडायला लागलीत, तायडे. बघा."

त्यांनी पाहिलं. लहान मुलांच्या पाळणाघरात एक ताई भिंतीला टेकून हळूहळू खाली घसरत होती. बिनतारी यंत्रावर तायड्यांनी चौघांना बाहेर बोलावलं. तिघांचा होकार आला. चौथ्याचा यायला वेळ लागला.

"दोन दारं राह्यली साहेब," चिंधूचा आवाज घोगरा होता. "माह्यं त्याच्या पुढचं."

"बाहेर या, बोबडे."

"हाव."

तो बाहेर आला. खांद्यावर कुणातरी जिनिंग कामगाराची बायको होती. वायुदेवडीचं दार लागलं आणि तायड्यांनी किल्ली फिरवली.

पंखे गरजले. मधल्या विंगेत पडदे फडफडले, पूर्व विंगेत कुणीतरी खोकत उठून बसलं. गोदामाच्या पडद्यावर काही क्षण काहीच घडलं नाही. मग मधली थप्पी आतून नारिंगी झाली आणि पाहता पाहता जिन्याच्या तोंडाशी ज्वालांचा लोट उभा राहिला. बंबाने पाणी मारलं. रुईतळ्याच्या जवानांनी मारता येईल तेवढं मारलं. कापूस जळत राहिला.

चौकशी समिती सभ्य माणसांची होती. तिने सगळ्यांना पुरेसा वेळ दिला. देशकरांनी आकडे मांडले. समितीने विचारलं, की प्राणकंकणांच्या नोंदींत तर पश्चिम विंगेची तब्येत उत्तम दिसते. देशकरांनी लालीचं सांगितलं. समितीने दुसरा काही पुरावा मागितला. पुरावा गोदामाच्या यंत्रासकट पश्चिम विंगेबरोबर गेला होता, आणि वाचलेल्यांच्या रक्तातला मुका वायू ताज्या हवेने धुऊन काढला होता. त्यासाठीच तर ती आत सोडली होती.

वाचलेले लोकही आले. ते खोटं बोलले नाहीत. "आम्ही तर छान झोपलो होतो," एक बाई म्हणाली. "काही त्रास नव्हता. डोळे उघडले तर आग." जो वायू दुखत नाही, त्यातून वाचवलेल्याला आपण वाचलो हे कळावं कसं? त्यांना दिसलं ते एवढंच: वसाहतीत कधी आग लागत नव्हती, आणि आगवाल्या साहेबाने किल्ली फिरवली तेव्हा लागली. त्यांनी तायड्यांवर खटला भरला.

मग चिंधूला बोलावलं.

"वायुपालटाआधी तुम्ही विंगेत होता?"

"हाव."

"ज्वाला पाहिली?"

चिंधूने तायड्यांकडे पाहिलं. खोटं बोलायला हरकत नव्हती. कुणी पकडलं नसतं. "ज्वाला नोती, साहेब," तो म्हणाला. "पण जीवही नोता."

लेखनिकाने पहिलं वाक्य घेतलं. दाखल्यातल्या व्याख्येप्रमाणे वायुपालटाआधी आग नव्हती, वायुपालटानंतर होती, आणि मधे घडलेली गोष्ट एकच होती. आग लावणाऱ्याचं नाव अहवालात लिहिलं गेलं: यशोधर तायडे, केंद्र अधिकारी, अग्निशमन केंद्र, रुईतळे. शिफारसही झाली, की पुढच्या वसाहतींत वायुपालटाची किल्ली अग्निशमन दलाकडे नसावी. शक्यतो कुणाकडेच नसावी. तशा सहा वसाहती त्याच वर्षी उभ्या राहिल्या. त्यांच्यात आजवर एकही आग लागलेली नाही.

अहवाल जाहीर झाला त्या दिवशी समितीच्या कचेरीच्या जिन्यात तायडे आणि चिंधूची गाठ पडली. तायड्यांना बोलायचं होतं, पण चिंधूच आधी बोलला.

"वैनीची तब्येत कशी हाये, साहेब?"

"बरी आहे. विसरते अधूनमधून."

"जपा त्यायले," चिंधू म्हणाला, आणि खाली उतरून गेला.

आता कुणाच्या वाट्याला काय आलं ते पाहायचं झालं तर फार वेळ लागत नाही. कंपनीचा कापूस गेला, पण आग सरकारी माणसाने लावल्याचं ठरल्यामुळे तिला तो भरून मिळाला. देशकरांची नोकरी गेली, निबंध मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी नावाने छापून आला. तायड्यांना खुर्ची मिळाली नाही, होती ती गेली, खटला चालू आहे. पण घरी गेलं की दार उघडायला विशाखा येते, कधी नाव विसरते, तरी येते. तीन हजारांवर माणसं श्वास घेतात आणि तायड्यांना शिव्या देतात, म्हणजे त्यांचंही काही बुडालं नाही. केंद्राच्या आणि जिनिंगच्या ज्या घरांपर्यंत ते चौघं पोचू शकले नाहीत, त्यांनी या सगळ्याची आपापली किंमत भरली. आणि तायड्यांच्या दारापासून सुरुवात करून, एकेक दार नियमाने घेत, आपल्या घराच्या दोन दारं अलीकडे थांबलेल्या चिंधू बोबड्याने रुखमा भरली, आणि सुट्टी म्हणून लोळू दिलेल्या दोघी मुली भरल्या.